जुनी मर्सिडीज घेताय? रंग शेवटी, पाणी-वायर-रबर आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये पंचवीस-तीस वर्षांच्या आलिशान सेडान गाड्यांचा छंद वाढतो आहे. नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैशांत मर्सिडीज दारात उभी राहते, म्हटल्यावर मोह होणारच. पण यातल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत कुठल्या तरी गॅरेजच्या मागच्या भिंतीला ठोकळ्यांवर चढलेल्या दिसतात, आणि गंमत म्हणजे रंग चकचकीत असतो. पैसा उलट्या क्रमाने खर्च होतो, हेच त्याचे कारण. आधी रंग, मग सीट कव्हर, मग अलॉय चाके, आणि पाणी, वायर, रबर यांची वेळ येईपर्यंत खिसा रिकामा. हा क्रम सुलटा कसा लावावा, एवढ्यापुरते हे पत्र आहे.

उदाहरणासाठी मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ही गाडी घेतो. १९९५ पासून ती पुण्यात टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात जुळवली जात होती, त्यामुळे आपल्या भागात ती अजून सापडते. पेट्रोलमध्ये चार सिलिंडरची ई २२० आणि डिझेलमध्ये पाच सिलिंडरची ई २५०. हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या काँटेसाचे चाहतेही नाशिकमध्ये कमी नाहीत, हे ठाऊक आहे. तिच्या इसुझू इंजिनाचे काम करणारे हात अजून मिळतात, पण बॉडीचा पत्रा, काचा आणि रबरी पट्ट्या मिळत नाहीत. म्हणून काँटेसा घ्यायची तर इंजिन खराब असले तरी चालेल, बॉडी मात्र पूर्ण हवी.

सुरुवात कागदांपासून. अनेकांना वाटते की जुनी गाडी म्हणजे 'व्हिंटेज', तिला सवलत असणार. तसे नाही. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खाजगी वापराची आणि मूळ रूपात फारसा बदल न केलेली गाडी. तिला 'व्हीए' मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते, आणि ती रोज फिरवता येत नाही. १९९६ ची मर्सिडीज यात कुठेच बसत नाही. आरटीओच्या लेखी ती साधी जुनी मोटार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिची पुनर्नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या चारचाकीचे नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झाले. आयात गाडी असेल तर ८०,०००. म्हणून आरसीवर 'आयात' असा शेरा आहे की भारतीय बनावट, हे सौद्याआधी वाचा. पुण्यात जुळवलेली आणि परदेशातून आलेली, दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर दिसायला सारख्याच. शुल्कात मात्र आठपट फरक.

आरसीची मुदत संपून किती महिने झाले, तेही पाहा. केंद्रीय नियमांत खाजगी चारचाकीच्या विलंबाला दरमहा ५०० रुपये धरले आहेत. पाच वर्षे अंगणात पडलेल्या गाडीमागे ही रक्कमच ३०,००० होते आणि विकणारा ती सांगत नाही. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वरची सही आरसीवरच्या मालकाचीच हवी. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी चढल्याशिवाय पैसे देऊ नका. कर्जाचा बोजा १९९८ सालचा असला तरी तो बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ देऊनच उतरतो, आणि ती बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असू शकते. चेसिस क्रमांकाची पेन्सिल छाप तुम्ही स्वतः घ्या आणि आरसीवरच्या आकड्यांशी एकेक अक्षर ताडून पाहा. दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांचा वेगळा सापळा आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांमुळे तिथे १० वर्षांवरचे डिझेल आणि १५ वर्षांवरचे पेट्रोल अडचणीत आले, म्हणून भाव पडलेला असतो. ना-हरकत, इथला कर आणि नवी नोंदणी यांचा हिशेब पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आधी विचारा, मगच विसार द्या.

आता गाडी पाहण्याबद्दल. रंग पाहू नका, खालून पाहा. मुंबईत समुद्राजवळ राहिलेली गाडी आणि नाशिकच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी यांच्या पत्र्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. या गाडीत गंज चार-पाच ठरावीक जागी धरतो: दाराखालच्या प्लास्टिक पट्टीमागे जॅक लावायच्या जागा, पुढच्या मडगार्डची आतली कड, बॅटरीखालचा ट्रे, मागच्या काचेचे खालचे कोपरे आणि मागच्या चाकांच्या कमानी. जॅकच्या जागेवरचे प्लास्टिकचे झाकण काढून बोटाने चाचपा. तिथे पत्रा कुरकुरला, तर बाहेरून कितीही चकाकी असली तरी गाडी सोडा. रंगाची जाडी मोजणारे यंत्र कुणाकडून तरी मागून न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. आकडा ५०० च्या वर गेला, तर खाली पुट्टी आहे. यंत्र नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबकही बरेच काही सांगते.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. तुम्ही पोहोचण्याआधी गाडी गरम करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. ऑइल प्रेशरचा काटा थंड इंजिनात ३ बारवर टेकतो. इंजिन गरम झाल्यावर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, तो खाली येतो, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गरम आयडलला ०.३ बारपर्यंत चालते, फक्त ॲक्सिलरेटर दाबताच काटा चटकन ३ वर गेला पाहिजे. गाडी ऑटोमॅटिक असेल तर रिव्हर्स टाकल्यावर तीन-चार सेकंद काहीच न होता एकदम धक्का बसतो का, तेही पाहा. आतली सील कडक झाल्याची ती खूण. गिअर बदलताना इंजिन मोकळे ओरडत असेल, तर लगेच गिअरबॉक्स उघडायला देऊ नका. बाहेरची कंट्रोल केबल आणि व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारी गिअरबॉक्सवरची डबी) आधी तपासा. मॉड्युलेटरचा पडदा फाटला तर गिअरबॉक्सचे तेल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढले जाते आणि सायलेन्सरमधून धूर येतो. बिचाऱ्या पिस्टन रिंगांवर आळ येतो आणि नसलेल्या आजाराचे ऑपरेशन होते.

पेट्रोलची गाडी घेणार असाल, तर मुख्य प्रश्न वायरिंगचा. १९९२ ते १९९५ च्या सुमारास मर्सिडीजने इंजिनाच्या वायरिंगवर वापरलेले आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन पापडासारखे गळते. आत तांबे शाबूत असते, पण शेजारच्या दोन वायरी उघड्या पडून एकमेकींना चिकटतात. मग आयडल डगमगते, गाडी सिग्नलला बंद पडते, मिसफायर होतो, आणि नशीब वाईट असेल तर इंजिनाचा कंट्रोल बॉक्स जळतो. मेकॅनिक प्लग बदलतो, पंप बदलतो, सेन्सर बदलतो; रोग तिथे नसतोच. तपासणी सोपी आहे. इंजेक्टरजवळ वायरींवरची काळी नळी थोडी सरकवा आणि एक वायर हळूच वाकवा. आवरणाला भेग गेली किंवा तुकडा पडला, तर पूर्ण जुडगा बदलावा लागणार. चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, कारण आवरण नळीच्या आतही सगळीकडे तसेच झालेले असते. थ्रॉटलच्या यंत्रातल्या वायरीही त्याच काळातल्या. त्या लोक विसरतात.

नवा जुडगा आयात करता येतो, पण इथेही चांगला बांधून होतो. त्यासाठी जुना जुडगा न कापता अखंड काढायचा, फळीवर खिळे ठोकून त्याचा आकार उतरवायचा आणि प्रत्येक वायरीची लांबी, जाडी, रंग लिहून घ्यायचा. नवी वायर उष्णता सोसणारीच हवी, सिलिकॉन किंवा टेफ्लॉन आवरणाची. घरगुती वायर दोन उन्हाळेही टिकत नाही. क्रँक सेन्सर आणि नॉक सेन्सरच्या वायरींवर जाळीचे कवच असते, ते पुन्हा घालावेच लागते, नाहीतर इग्निशनची विद्युत खरखर सेन्सरच्या सिग्नलमध्ये शिरते. सॉकेट सोल्डर करून ढिसाळ सोडू नका, योग्य पकडीने दाबून बसवा (क्रिंप करा). हे काम घाईचे नव्हे. चार-पाच दिवस धरा.

विजेचीच दोन स्वस्त कामे याच बैठकीत उरका. एक, जादा विद्युतदाबापासून वाचवणारा ओव्हरव्होल्टेज रिले. वर लाल झाकणाखाली फ्यूज असलेली ही ॲल्युमिनियमची डबी. हिच्या आतले सोल्डर तडकते आणि एबीएसचा दिवा लागतो, आयडल बिघडते. उघडून सोल्डर पुन्हा केले तरी चालते. दुसरे, फ्यूज. ही गाडी जुन्या गोळीसारखे फ्यूज वापरते आणि ॲल्युमिनियमची पट्टी असलेले फ्यूज टोकांना गंजतात. फ्यूज जळालेला नसतो आणि दिवे, पंखा, वायपर मात्र लहर लागेल तसे चालतात. सगळे काढून तांब्याच्या पट्टीचे घाला, जागा बारीक पॉलिश पेपरने घासा. शंभर-दोनशे रुपयांत निम्मी भुते पळतात.

डिझेलला या वायरीच्या रोगाची झळ फारशी लागत नाही, कारण वायरीच कमी. शिवाय नाशिकमध्ये डिझेल गाडी पाळण्याचा एक मोठा फायदा आहे. सातपूरला बॉशचा, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या 'मायको'चा, नोझल बनवणारा कारखाना असल्याने पंप-नोझलचे काम कळणारी माणसे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पाचही नोझल काढून टेस्टिंगला द्या. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला नवी नोझल ११५ ते १२५ बारला उघडावीत आणि पाचही एकमेकांच्या जवळ असावीत. एक ९० वर आणि एक १२० वर असेल तर इंजिन खडखडणारच. नोझल परत बसवताना खालचे उष्णतारोधक वॉशर नवेच घाला. जुना वॉशर पुन्हा घातला की गॅस गळतो, आणि दोष नोझलवाल्यावर जातो.

थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला मदत करणाऱ्या हीटर प्लगची परीक्षा निफाडच्या बाजूला जानेवारीच्या थंडीत पहाटे होते. तोवर थांबायचे नसेल तर मल्टिमीटरने प्रत्येक प्लगचा रोध मोजा. चांगला प्लग एक ओहमहून कमी दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. प्लग काढताना इंजिन गरम हवे आणि हात हलका. थंड इंजिनात जोर केला तर प्लग हेडमध्ये तुटतो आणि २० मिनिटांचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते.

चावी काढली तरी डिझेल इंजिन चालूच राहते, ही तक्रारही नेहमीची. यात पंपाचा दोष क्वचितच असतो. हे इंजिन बंद होते ते व्हॅक्यूमने. चावीच्या मागच्या व्हॉल्व्हपासून पंपापर्यंतच्या बारीक नळीत कुठे तरी रबरी जोड कडक होऊन गळत असतो. इंजिनावर 'स्टॉप' लिहिलेली एक पट्टी असते, ती दाबली की इंजिन तात्पुरते बंद करता येते. मग व्हॅक्यूमच्या हातपंपाने एकेक नळी तपासत जा. पाच-दहा रुपयांचे रबर सापडेल. त्याच वेळी व्हॅक्यूम पंपाकडे लक्ष द्या. या इंजिनांत पंपाचे बेअरिंग झिजून फुटले तर तुकडे टायमिंग चेनच्या खोलीत पडतात आणि पूर्ण इंजिन जाते. पंपाचा टकटक आवाज ऐकू आला तर 'पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणू नका.

पाणी. हा भाग सर्वांत कंटाळवाणा, म्हणून सर्वांत दुर्लक्षित. दख्खनच्या बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची आपल्याकडची सवय या ॲल्युमिनियमच्या हेडला मारक आहे. कूलंट पूर्ण काढायचे तर रेडिएटरचा नळ उघडून भागत नाही. इंजिन ब्लॉकचा वेगळा ड्रेन प्लग उघडावा लागतो, नाहीतर जवळपास निम्मे जुने पाणी आतच राहते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. एकूण साधारण ९ लिटर बसते. रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीवर वरचा होज बसतो ती मान वयाने ठिसूळ होते आणि एक दिवस होजसकट हातात येते. तशी रस्त्यात आली तर दोन मिनिटांत हेड वाकते. रेडिएटर मूळचाच असेल, तर तो बदलणे हा पहिल्या महिन्याचा खर्च धरा. सोबत थर्मोस्टॅट, सगळे होज, पाण्याचा पंप.

यानंतर कसारा घाट. उन्हाळ्यात दुपारी एसी लावून कसाऱ्याहून इगतपुरीला चढा. तापमानाचा काटा ९५-१०० पर्यंत गेला आणि वर आल्यावर उतरला तर कूलिंग ठीक. ११० पार करून तिथेच बसला, तर एसी बंद करा, हीटर चालू करा, सुरक्षित जागी थांबा. दोष बहुतेक वेळा व्हिस्कस फॅनमध्ये, म्हणजे आतल्या तेलाच्या पकडीने फिरणाऱ्या रेडिएटरच्या पंख्यात, निघतो. गरम इंजिन बंद करून फॅन हाताने ढकला. सुटा भिरभिरला तर त्याच्या आतले सिलिकॉन तेल गेलेले आहे.

सस्पेन्शनच्या बाबतीत दोन सूचना, दोन्ही महत्त्वाच्या. खालच्या आर्मचे आणि मागच्या पाच दांड्यांचे रबरी बुश नवे घातल्यावर बोल्ट गाडी रॅम्पवर लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाके जमिनीवर, गाडीचे वजन सस्पेन्शनवर, मग आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि वर्षभरात फाटतो. मग 'डुप्लिकेट पार्ट निघाला' अशी बोंब होते. दुसरी सूचना जिवाची आहे. या गाडीची पुढची स्प्रिंग शॉकअपवर बसलेली नसते, वेगळी असते, आणि खालचा आर्म खाली जाऊ न देण्याचे काम शॉकअपच करतो. आर्मखाली जॅक न देता शॉकअपचा बोल्ट सोडला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. बाजारातले बाहेरून लावायचे दोन हुकांचे कंप्रेसर इथे चालत नाहीत, स्प्रिंगच्या आतून जाणारे हत्यार लागते. ते गॅरेजमध्ये नसेल तर काम देऊ नका, कितीही जुना मेकॅनिक असो.

ब्रेकबद्दल थोडक्यात. पुढची डिस्क गाडी चालवल्यावर एकाच बाजूला तापत असेल, तर कॅलिपर खोलण्याआधी रबरी ब्रेक होज बदला. तो आतून सुजतो आणि दाब परत सोडत नाही. ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. चाकाचे बोल्ट ११० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्याने. पंक्चरवाल्याच्या एअर गनने नव्हे.

एसीचे काय? गॅस भरून महिन्यात थंडावा गेला तर इव्हॅपोरेटर (डॅशबोर्डमागची एसीची थंड जाळी) गळतो आहे, असे समजा. तो बदलायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन-तीन दिवसांची मजुरी त्यातच जाते, म्हणून एकदा डॅशबोर्ड खाली आला की ब्लोअर मोटर, हीटरच्या सील आणि हवेच्या झडपांचे व्हॅक्यूमचे पडदे एकाच वेळी बदला. तीन महिन्यांनी तोच डॅशबोर्ड पुन्हा उतरवण्यासारखा मूर्खपणा दुसरा नाही, शिवाय जुने प्लास्टिकचे लॉक दुसऱ्यांदा टिकत नाहीत.

भाग मागवताना गाडीच्या चेसिस क्रमांकावरून पार्ट क्रमांक काढा, फोटो दाखवून नव्हे. कुर्ल्याच्या बाजारात काचा, दिवे, दाराची हँडले, आतले लाकूड जुने चांगले मिळते. रबर, ब्रेक, बॉल जॉइंट आणि पाण्याचा पंप मात्र जुने कधीच घेऊ नका. लेमफॉर्डर, साक्स, बॉश या नावांचे खोके पाहून फसू नका, आतल्या भागावरचा ठसाही पाहा. अंबडला रबर मोल्डिंग करणारे छोटे कारखाने आहेत; नमुना दिला तर न मिळणारे बुश करून देतात, पण रबराची कठिणता सांगितल्याशिवाय नाही, नाहीतर गाडी बैलगाडीसारखी हादरते.

इथे थोडी तक्रार. २० ते ५० वर्षांच्या मधल्या गाड्यांना आपल्या नियमांत जागाच नाही. त्या वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालतात, तरी शुल्क रोज ऑफिसला जाणाऱ्या जुन्या गाडीइतकेच. मर्यादित किलोमीटरचा एक वेगळा वर्ग केला, ओडोमीटरची नोंद दर नूतनीकरणाला घेतली, तर सरकारचा महसूल बुडत नाही आणि या गाड्या भंगारात जाण्याऐवजी नीट राहतील. विम्यातही हाच घोळ. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते. ती मागून, गाडीचे फोटो आणि बिले जोडून लिहून घ्या. एजंट सांगेल तो आकडा मुकाट्याने मान्य केला, तर अपघातानंतर हाती चिल्लर येईल.

आणि मग रंग. वर्षभर गाडी चालवून झाली, कुठून काही गळत नाही, घाट चढून झाला, पावसात त्र्यंबकच्या रस्त्यावर आत पाणी आले नाही, त्यानंतर. बोनेट उघडल्यावर पुढच्या पट्टीवर रंगाचा तीन आकडी कोड असतो, १४७ म्हणजे पांढरा, ७४४ म्हणजे चंदेरी. 'जवळपास जुळवतो' म्हणणाऱ्याला तो दाखवा. सनरूफ असेल तर रंगाआधी त्याच्या चारही कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडते का बघा. नाही पडले तर ड्रेनच्या नळ्या तुंबल्या आहेत, पाणी आत गालिच्याखाली साचते आहे.

गाडी उभी राहणार असेल, तर पेट्रोलवाल्यांना एक जादा काळजी. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. ते ओलावा धरते आणि जुन्या रबरी नळ्या आतून मऊ करते. इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, आणि पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी झाकू नका. एकतर भरून ठेवा किंवा दर पंधरा दिवसांनी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा. टायरवरचे चार आकडे तेव्हाच वाचून घ्या. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी तो टायर बदलायचा आहे. मूळ माप १९५/६५ आर १५.

आपला,
जुन्या गाड्यांचा एक छांदिष्ट,
गंगापूर रोड, नाशिक